आधी उलट-सुलट, मग टाके

चि. रेवा हिस,


परवा फोनवर तू विचारलंस, "आजी, गर्भातल्या पेशींना वरची बाजू कुठली नि खालची कुठली, हे सांगतं कोण?" आणि मी चष्मा शोधेपर्यंत "चल, ठेवते, बस आली" म्हणून मोकळीही झालीस. मी कॉलेजात शिकवत होते तेव्हा हा प्रश्न पुस्तकं एका ओळीत उरकायची. आता वाचायला सवड आहे, म्हणून सविस्तर लिहिते. तू हे रविवारी वाच, बसमध्ये उभ्याउभ्या नको.

आतड्याचं अस्तर घे. तिथली प्रत्येक पेशी वरच्या तोंडाने अन्नरसातली साखर आत ओढते आणि तळाकडून ती रक्ताच्या दिशेने सोडते. कुशीला शेजारणी अशा घट्ट की मधून काही झिरपायला नको. बाजूंची अदलाबदल झाली तर जेवूनही उपाशीच राहायचं. म्हणून अशा अस्तरातल्या, म्हणजे अभिस्तर, पेशीला दोन गोष्टी लागतात, आपलं वर-खाली ठरलेलं असणं आणि शेजारणीशी पक्का जोड. गोधडी शिवताना मी आधी कापडाची सुलट बाजू बघून घेते, मग ठिकठिकाणी कच्चे टाके घालते, आणि शेवटी काठाची सलग टीप (तुझ्या आईला हा मधला वेळ कधी सोसला नाही, तिला थेट टीप हवी असायची). गर्भाचंही साधारण असंच चालतं.

तू प्रयोगशाळेत अभ्यासतेस त्या उंदराच्याच गर्भाचं बघ. मीलनाची खूण सकाळी लवकर तपासावी लागते, दुपारपर्यंत ती गळून जाऊ शकते. तेव्हा या कामाने तुला पहाटे उठायला लावलं याचा मला मनातून आनंदच आहे. मीलनापासून अडीच दिवसांनी आठ पेशींचा गर्भ हाती येतो, जेमतेम मिलिमीटरचा दहावा भाग. तेलाखालच्या थेंबात तो ठेवून पाहिलास की आठही गोळे सुटेसुटे मोजता येतात. मग काही तासांत ते एकमेकांवर चपटे होत जातात, मधल्या खाचा बुजतात, आणि थोड्या वेळापूर्वी मोजलेल्या पेशी पुन्हा मोजू गेलं तर सीमाच सापडत नाहीत. पुस्तकं याला संहतीकरण म्हणतात, तुम्ही मुलं सरळ कॉम्पॅक्शन म्हणता.

हे ज्या प्रथिनाने होतं ते ई-कॅडहेरिन. त्याची गोष्ट तुला सांगायलाच हवी. क्योटोचे मासातोशी ताकेइची १९७० च्या दशकात अमेरिकेत बाल्टिमोरला कार्नेगी संस्थेच्या भ्रूणविज्ञान विभागात गेले. घरी करायचे तसेच ट्रिप्सिनने पेशी सुट्या केल्या, पण इथल्या पेशी काही केल्या परत चिकटेनात. एखाद्याने त्राग्याने ती बशी फेकून दिली असती. ताकेइचींनी दोन्हीकडची कृती ओळीने ताडून पाहिली, तेव्हा कळलं की इथल्या ट्रिप्सिनमध्ये ईडीटीए मिसळलेलं होतं आणि ते कॅल्शियम धरून ठेवत होतं. कॅल्शियम असलं की चिकटवणारं प्रथिन ट्रिप्सिनला दाद देत नाही. नसलं की कापलं जातं. त्याच धाग्यावरून पुढे कॅडहेरिन हाती लागलं. तुझ्या आठ पेशींच्या गर्भालाही कॅल्शियमविना द्रावणात ठेवलंस, तर घट्ट झालेला गर्भ पुन्हा सुटा होतो, आणि कॅल्शियम दिलं की परत आवळतो.

आता माझ्या आवडीचा भाग. हे कॅडहेरिन आठ पेशी होण्याच्या आधीपासूनच पेशींवर असतं. चार पेशींच्या गर्भात एक विशिष्ट एन्झाइम, प्रोटीन कायनेज सी, औषधाने जागं केलं तर तो वेळेआधीच आवळतो, हे १९९० मध्ये दाखवून झालंय. म्हणजे सामान घरात आलेलं असतं, तरी गर्भ आपण होऊन आठ पेशींपर्यंत थांबतो. तुझ्या हुशारीची मला कधी काळजी वाटली नाही, गं. पण "अँटिबॉडीची रात्रभराची पायरी दोन तासांत उरकू का" असं गर्भ रंगवण्याबद्दल तू विचारलंस, तेव्हा तुझ्या थांबण्याची मात्र काळजी वाटली.

आवळण्याच्या सुमारासच वर-खाली ठरतं. पेशीच्या ज्या बाजूला शेजारीण नाही ती बाहेरची बाजू वरची होते. तिथे बारीक लव उगवते आणि पार-३, पार-६ व एपीकेसी ही प्रथिनं गोळा होतात. शेजारणीला टेकलेल्या बाजूंना पार-१ राहतं. एपीकेसी त्याला फॉस्फेट चिकटवून आपल्या हद्दीतून हाकलतं, म्हणून सरमिसळ होत नाही. तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की इथे वरून कोणी सांगत नाही, कुठे स्पर्श आहे नि कुठे नाही यावरूनच पेशी ते ओळखते. पार जनुकं मुळात केनेथ केम्फ्यूस आणि सहकाऱ्यांना १९८८ मध्ये इवल्याशा सी. एलेगन्स कृमीत सापडली, तीही एकाच पेशीचं पुढचं नि मागचं टोक ठरवताना. तीच मंडळी माशीत, उंदरात, माणसात पुन्हा कामाला लावलेली दिसतात. निसर्गाची ही काटकसर बघ, आणि तूही त्या महागड्या अँटिबॉडीचा उरलेला थेंब सांडू नकोस.

फळमाशीची तऱ्हा निराळी. तिथे आधी एकाच पिशवीत सुमारे सहा हजार केंद्रकं तयार होतात आणि मग त्यांच्यामधून पटलं खाली उतरत पेशी वेगळ्या होतात. पण जोडांची सुरुवात तिथेही ठिपक्यांनीच होते. पार-३, ज्याला माशीत बझूका म्हणतात, ते वरच्या काठाशी जागा धरतं, तिथे कॅडहेरिनचे ठिपके जमतात आणि हळूहळू जुळून पेशीभोवती पट्टा होतो.

उंदराकडे परत येऊ. आठाच्या सोळा होताना काही पेशी आत ढकलल्या जातात. बाहेरच्यांकडून पुढे वारेचा भाग होतो, आतल्यांपासून पिल्लू. बाहेरच्यांच्या फटी बुजवणारी टाइट जंक्शनं एकदम बसत नाहीत. त्यांतलं झेडओ-१ हे प्रथिन आठ पेशींच्या गर्भात ठिपक्यांनी दिसू लागतं, सिंग्युलिन सोळाच्या सुमारास येतं, ऑक्लुडिन बत्तिसाच्या. ही शिवण पुरी झाली की सोडियमचे पंप आत क्षार ढकलतात, मागोमाग पाणी येतं आणि पोकळी फुगते. फट राहिली तर पंपाने कितीही भरलं तरी गळून जाणार.

आता एक काम सांगते. पुढच्या वेळी झेडओ-१ रंगवशील तेव्हा आठ, सोळा आणि बत्तीस पेशींचे गर्भ एकाच बशीत, एकाच अँटिबॉडीत ठेव. ठिपक्यांची सलग रेघ कधी होते ते शेजारीशेजारी दिसेल आणि तुलनेत खोट राहणार नाही. ती रात्रभराची पायरी चार अंशांवर पूर्ण होऊ दे. फोटो मला मोठे करून पाठव. मेतकूट नि भाजणी पार्सलने निघाली आहेत, डब्याचं झाकण घट्ट लाव, तुमच्याकडे दमट हवा असते.

तुझी,
आजी