दुसऱ्याच्या सामन्यासाठी

अमेरिकेत हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाची मुलं ऐन पानगळीच्या दिवसांत कॉलेज-प्रवेशाचे अर्ज भरत असतात. त्यांतल्या लाखो मुलांसमोर ‘कॉमन अ‍ॅप’ हा एकच अर्ज असतो. हजाराहून अधिक कॉलेजांना तो चालतो. त्यात अभ्यासेतर उपक्रमांसाठी दहा जागा असतात. प्रत्येक उपक्रमाचं वर्णन 150 अक्षरांत बसवायचं आणि आठवड्याला किती तास, वर्षाला किती आठवडे दिले तेही लिहायचं. उपक्रमांच्या प्रकारांची यादी असते, आणि तिच्यात नाटक, वादविवाद, रोबोटिक्स यांच्या पंगतीला ‘स्कूल स्पिरिट’ही असतं.

आपल्या शाळेविषयीचा हा जिव्हाळा सगळ्यात ठळक दिसतो तो शुक्रवारी रात्री, शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याला. मैदानात खेळणारी मुलं थोडी. बाकी कुणी बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतं, कुणी आरोळ्या देत संघाला चेव आणतं, कुणी फलक रंगवतं. संघ जिंको वा हरो, बँड वाजतोच. त्या वादकाचं नाव गुणफलकावर येत नाही. आपली संध्याकाळ त्याने दुसऱ्याच्या सामन्यासाठी दिलेली असते.

कॉलेजांना याचं मोल का वाटावं? गुण आणि अवघड विषय घेण्याची तयारी आधी पाहिली जाते, हे खरंच. पण निवडक कॉलेजांत बहुतेक विद्यार्थी आवारातच राहतात. तिथलं वृत्तपत्र, नाट्यमंडळ, सेवागट विद्यार्थीच चालवतात. उत्तम गुणांची मुलं पुष्कळ मिळतात. सोपवलेलं काम कुणी पाहत नसतानाही तडीस नेणारी मुलं मात्र शोधावी लागतात. म्हणून तर तासांचा आणि आठवड्यांचा हिशेब मागायचा.

मात्र जे मोलाचं ठरतं त्याचा बाजारही भरतो. खेळाडू म्हणून प्रवेश मिळावा यासाठी, ज्यांनी कधी वल्हं मारलं नाही अशा मुलांना नौकानयनपटू म्हणून पुढे केल्याचं 2019 साली उघड झालं, आणि काही श्रीमंत पालकांना तुरुंगात जावं लागलं. त्याआधीच, 2016 मध्ये, हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागाच्या एका अहवालाने सांगितलं होतं की मुलांनी उपक्रमांची रास रचू नये; मनापासून केलेले दोन-तीन पुरेत. घरासाठी उचललेला भारही तितकाच मानाचा, असंही त्यात होतं. कॉमन अ‍ॅपच्या यादीत ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’ हाही प्रकार आहे. शाळा सुटल्यावर धाकट्या भावंडांना सांभाळणारी मुलगी बँडमध्ये जाऊ शकत नाही. पण तिचे तासही तासच आहेत आणि तेही दुसऱ्यासाठीच दिलेले आहेत.

न्यू जर्सीतल्या किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांतही नववीपासूनच ही यादी कशी भरायची याची काळजी सुरू होते. तबला, पोहणं, बुद्धिबळ, सेवाकार्य असं सगळं थोडं थोडं करताना मूल दमून जातं. आईबाबांची तळमळ खोटी नसते. तरी ‘अर्जात काय दिसेल?’ या प्रश्नाआधी मुलाला एक विचारायला हवं : तू आला नाहीस तर कुणाचं अडेल? ज्या गटाचं त्याच्यावाचून अडतं, तिथे त्याने मनापासून राहावं. बाकीचं खुशाल सोडून द्यावं.

प्रवेशाचा निकाल कुणाच्याच हातात नसतो. हवं ते कॉलेज मिळेल किंवा मिळणार नाही. पण चार वर्षं दुसऱ्यासाठी वेळेवर पोचण्याची सवय ज्याला लागली, तो कुठल्याही कॉलेजात आणि पुढे कुठल्याही गावात चार माणसांच्या उपयोगी पडेल. मुलांना वाढवताना एवढं साधलं, तरी त्या दहा जागा सार्थकी लागल्या.