सुभेदारांचं ताट



आजचं चिंतन: भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १६ आणि १७.

अर्थ तसा सोपा आहे. भगवंत म्हणतात, जो अति खातो त्याला योग साधत नाही, आणि जो अजिबात खात नाही त्यालाही साधत नाही. फार झोपणाऱ्याला नाही, सतत जागणाऱ्यालाही नाही. ज्याचं खाणं, फिरणं, काम, झोप आणि जागणं युक्त असतं, त्याचा योग दुःख दूर करतो.

हे श्लोक मी कॉलेजपासून वाचतोय. खरे समजले ते गेल्या आषाढात, साताऱ्याच्या आमच्या घरी, स्वयंपाकघराच्या फरशीवर.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. २८ वर्षं नोकरी. पहाटेची पीटी, पाठीवर ओझं घेऊन डोंगर चढणं, बर्फातल्या पोस्टिंगा. भूकही तशीच. लंगरात जे येईल ते भरपूर खायचं आणि ताट पुसून उठायचं, ही त्यांची शिस्त. घरी आल्यावर पीटी थांबली, ओझं उतरलं, पण ताट तेवढंच राहिलं. काही वर्षं सिक्युरिटीची नाईट ड्यूटी केली. म्हणजे रात्रभर खुर्ची, दर दोन तासांनी गोड चहा आणि दिवसा झोप. आमच्या भागातल्या कितीतरी फौजी काकांची हीच गोष्ट आहे. निवृत्तीनंतर पाच वर्षांनी ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमध्ये तपासणीत शुगर निघाली. त्याला आता ११ वर्षं झाली. गेल्या वर्षी HbA1c नव्हे, मराठीत लिहायचं तर एचबीएवनसी, ९.१ आलं आणि पायाला मुंग्या सुरू झाल्या.

मी घाबरलो. आणि घाबरलेला इंजिनीअर जे करतो तेच केलं: गूगल. ब्रिटनमधला 'डायरेक्ट' नावाचा अभ्यास सापडला, २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला. टाईप २ मधुमेहाच्या रुग्णांना काही महिने दिवसाला साधारण ८२५ ते ८५३ कॅलरींचाच आहार दिला. वर्षभरानंतर त्यांच्यापैकी ४६ टक्के लोकांची शुगर औषधाशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. मी आनंदाने अण्णांना व्हॉट्सॲप केलं, 'अण्णा, खाणं कमी केलं की शुगर जाते. हे बघा!'

फौजी माणसाला आपण सल्ला देतो, तो ऑर्डर ऐकतो.

आषाढी एकादशीला अण्णांनी चातुर्मासाचा नेम धरला. लिंबूपाणी, काकडी, बस्स. एकादशी सुटली तरी उपास सुटला नाही. गोळ्या मात्र वेळेवर चालू, कारण गोळी चुकवणं शिस्तीत बसत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी घरीच होतो. पूजेचं पाणी घ्यायला गेलेले अण्णा घामाने डबडबले, काहीतरी असंबद्ध बोलले आणि खाली बसले ते आडवेच झाले. ग्लुकोमीटरवर ५२. ७० च्या खाली म्हणजे धोका. शुद्धीवर होते, गिळता येत होतं, म्हणून आईने तीन चमचे साखरेचं पाणी पाजलं. ज्या साखरेला आम्ही वर्षभर शत्रू म्हणत होतो, तिनेच त्या सकाळी माणूस परत आणला.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. अण्णांच्या गोळ्यांमध्ये ग्लिमेपिराइड होती. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. खाणं कमी करायचं तर गोळीचा डोस आधी बदलावा लागतो.

रात्री मी तो अभ्यास पुन्हा उघडला, या वेळी पूर्ण वाचला. त्यात पहिल्याच दिवशी मधुमेहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद केल्या होत्या. मधुमेह सहा वर्षांच्या आतला असलेलेच लोक घेतले होते. इन्सुलिन घेणारे घेतलेच नव्हते. मी काय केलं? अटी न वाचता कमांड कॉपी केली आणि थेट वडिलांवर चालवली.

माफी मागितली तर अण्णा म्हणाले, "तुझं काय चुकलं? तू सांगितलंस, मी केलं. मला वाटलं, थोडं केल्यानं थोडं होतंय, तर सगळं सोडल्यानं सगळं जाईल."

तेव्हा १६ वा श्लोक डोक्यात लख्ख पेटला. आपण त्याचा पहिला अर्धा भाग लक्षात ठेवतो: अति खाऊ नका. दुसरा अर्धा विसरतो: अजिबात न खाणाऱ्यालाही हे साधत नाही. आणि हे कोण ऐकतंय बघा ना. गुहेतला तपस्वी नाही. लढायला रणांगणावर आलेला अर्जुन. आहाराचा हा नियम एका सैनिकालाच सांगितलेला आहे!

'युक्त' म्हणजे जोडलेलं, जुळणारं. ज्ञानेश्वरीत माउली इथे मापाची भाषा बोलतात: खाणं मापात, चालणं मापात, बोलणं मापात. माप सगळ्यांचं एक नसतं. बर्फात ओझं वाहणाऱ्या जवानाचं ते भरलेलं ताट अति नव्हतं, तेव्हा ते युक्तच होतं. काम बदललं, वय बदललं, म्हणून माप बदलायचं. हे अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला. आजार म्हणजे आपल्या खादाडपणाची शिक्षा, असं ते मनात धरून बसले होते.

मग नवीन माप ठरलं, डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांना विचारून. अर्धं ताट भाजी आणि कोशिंबीर. मटकीची किंवा मुगाची उसळ. ज्वारीची एकच भाकरी. ताक. चहा बिनसाखरेचा. एकादशीला साबुदाणा खिचडी नाही, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. जेवल्यावर १५ मिनिटं चालणं. रात्रीचं जेवण साडेसातला, अगदी फॉल-इन असल्यासारखं.

आठ महिन्यांत वजन सात किलो उतरलं. एचबीएवनसी ७.० वर आलं. हा आकडा साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगतो, कारण लाल रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगतात. म्हणजे एका दिवसाच्या कडक उपासाने तो फसत नाही, रोजचं वागणंच मोजतो. साधनेचं तरी वेगळं काय आहे? ग्लिमेपिराइड डॉक्टरांनी बंद केली, दुसरी गोळी चालू आहे. पायाच्या मुंग्या गेलेल्या नाहीत. चमत्कार झाला नाही, पण अण्णा रोज सकाळी पूजेला उभे राहतात.

आणि मी? रात्री अकराला लॅपटॉपसमोर बिर्याणी, आणि सोमवारी 'डिटॉक्स'. अति आणि अजिबात नाही, दोन्ही टोकं माझ्याच आठवड्यात. वडिलांना श्लोक शिकवणारा मी कोण? आता शनिवार-रविवार साताऱ्याला गेलो की अण्णांच्याच मापाचं ताट घेऊन शेजारी बसतो. ऑर्डरने जे जमलं नाही, ते पंगतीने जमतंय.

आजचा संकल्प: घरातल्या मोठ्यांना आहाराचा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी त्यांच्या गोळ्यांची चिठ्ठी वाचा. उपास धरायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, गोळी मनाने बंद करू नका. आणि या आठवड्यात एकदा तरी त्यांच्यासोबत, त्यांचंच जेवण जेवा.

राम कृष्ण हरी!