दोन लॅपटॉप

हिंजवडीतल्या एका कंपनीतला तरुण. 2021 मध्ये घरून काम चालू असताना त्याने बंगळुरूच्या दुसऱ्या कंपनीतही गुपचूप नोकरी धरली. फ्लॅटचा हप्ता होता, बहिणीचं लग्न तोंडावर आलं होतं. गरज खरी होती, हे आधी सांगायला हवं. सकाळी दहाला दोन्हीकडे मीटिंग असायची. एका लॅपटॉपवर बोलायचं, दुसऱ्यावर ‘नेट गेलंय’ असं टाकायचं.

वडील पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. एकदा ते टेबलापाशी थबकले.

“बाबा, तुम्हीही नोकरी सांभाळून दुधाचा रतीब घालायचातच की!”

“घालायचो. साहेबांच्या दारातही मीच दूध ठेवायचो. पण पाळीच्या आठ तासांत कधी दूध वाटलं नाही.”

सप्टेंबर 2022 मध्ये बातमी आली: प्रतिस्पर्धी कंपन्यांचंही काम करणाऱ्या 300 जणांना विप्रोने काढलं. त्याने घाईघाईने पीएफचं पासबुक उघडलं. एकाच यूएएनखाली, एकाच महिन्यात, दोन कंपन्यांची वर्गणी! कोणी पाहिलं तर? कित्येक रात्री झोप नाही. पण दुसरी नोकरी काही सुटली नाही. पकडले जाण्याची भीती माणसाला सावध करते, एवढंच.

मग अप्रेझल झालं. त्याच्या टीममधल्या सहकारी बाईंना कमी रेटिंग मिळालं. त्यांची स्वतःची कामं मागे पडली होती. का पडली, हे त्याला ठाऊक होतं. त्याची ऑन-कॉलची पाळी असताना रात्री सर्व्हर बंद पडायचा, तो दुसऱ्या कंपनीच्या रिलीजमध्ये अडकलेला असायचा, आणि तान्हं मूल मांडीवर घेऊन पहाटेपर्यंत त्या निस्तरायच्या. एकदा नव्हे, अनेकदा. फोनवर त्यांनी तक्रार केली नाही. एवढंच विचारलं, “तुझं नेट सुधारलं का रे आता?”

दुसऱ्या दिवशी त्याने मॅनेजरला सगळं सांगितलं. “पण सर, माझं काम तर वेळेत व्हायचं,” असंही वर म्हणाला.

“व्हायचं. ती करत होती म्हणून.”

त्याला राजीनामा द्यावा लागला. बाईंचं रेटिंग बदलून द्यावं म्हणून मॅनेजरने वर लिहिलं. उत्तर आलं की या वर्षीची प्रक्रिया बंद झाली आहे. त्यांची त्या वर्षीची पगारवाढ गेली ती गेलीच.