रिकिबीतला पाय

सुमारे नऊशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडमध्ये डेव्हिड नावाचा राजा होऊन गेला. मॅल्कम राजा आणि संत मार्गारेट यांचा हा सर्वांत धाकटा मुलगा. थोरल्या भावांच्या मागून ११२४ साली गादी त्याच्याकडे आली. तरुणपणी तो इंग्लंडच्या पहिल्या हेन्री राजाच्या दरबारात वाढला होता. राज्यकारभार कसा बसवावा, हे त्याने तिथे डोळसपणे पाहिले होते.

गादीवर येताच त्याने कामाला हात घातला. बेरिक, रॉक्सबरो, एडिनबरा, पर्थ अशा ठिकाणी बाजाराचे हक्क असलेली व्यापारी शहरे उभी केली किंवा वाढीला लावली. होलीरूड आणि मेलरोजला मठ स्थापले. मुलखामुलखांत न्याय आणि वसुली पाहायला शेरिफ नेमले. तोवर स्कॉटलंडच्या एकाही राजाने स्वतःची नाणी पाडली नव्हती. डेव्हिडच्या नावाचे चांदीचे पेनी बाजारात फिरू लागले.

असा हा राजा एके दिवशी शिकारीला निघाला. घोड्यावर खोगीर चढले, बरोबरची मंडळी तयार झाली, कुत्री अधीर झाली. राजाने लगाम धरला, एक पाय रिकिबीत घातला आणि आता टांग टाकणार, तोच एका गरीब माणसाची हाक कानी आली. त्याला न्याय हवा होता.

‘उद्या ये’ म्हणून राजाला त्याची बोळवण करता आली असती. ‘शेरिफाकडे जा’ असेही सांगता आले असते. शेरिफ त्यानेच तर नेमले होते! पण राजाने पाय रिकिबीतून काढला, घोडा तिथेच सोडला आणि तो गाऱ्हाणे ऐकायला वाड्यात परतला. त्या दिवशीची शिकार राहिली ती राहिलीच.

ही गोष्ट भाटांनी रचलेली नाही. एलरेड नावाचा तरुण राजाच्या घरची व्यवस्था पाहत असे. पुढे तो इंग्लंडमधल्या रीव्हो येथील मठात साधू झाला. ११५३ साली राजा वारल्यावर त्याने राजाच्या आठवणी लिहिल्या. हा प्रसंग आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, असे त्याने त्यांत नमूद केले आहे.

एलरेडने आणखीही एक गोष्ट सांगितली आहे. ठरावीक दिवशी राजा वाड्याच्या दाराशी बसे आणि गोरगरिबांची, म्हाताऱ्याकोताऱ्यांची गाऱ्हाणी ऐके. माणूस गरीब आहे म्हणून राजा त्याच्या बाजूने निकाल देत नसे. बाजू लंगडी असली, तर तसे तोंडावर सांगे. मग ती माणसे राजाशी हुज्जत घालत. राजाही न चिडता त्यांना कारणे समजावत राही. कितीदा तरी ती कारणे त्यांना पटत नसत. पण प्रत्यक्ष राजाशी वाद घालायला त्यांना भीती वाटत नव्हती, आणि हीच त्या राज्याची मोठी कमाई होती.

शहरे वसवायला सनद पुरते, नाणी पाडायला चांदी पुरते. रयतेचा विश्वास मात्र राजाला स्वतःचा वेळ खर्चून मिळवावा लागतो. डेव्हिडने शिकारीचा एक दिवस दिला आणि तो मिळवला.

तात्पर्य : न्याय मागणारा सहसा आपल्या सवडीने येत नाही. ज्याच्या हाती अधिकार आहे, त्याने आधी गाऱ्हाणे ऐकावे, मग आपली हौस भागवावी. निकाल मागणाऱ्याच्या मनासारखा लागेलच असे नाही, पण त्याचे म्हणणे पुरते ऐकून घेणे हे अधिकाऱ्याचे पहिले कर्तव्य आहे.