सत्तर किलोची भरती

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आधी, आमचं सोयाबीन मळून घरी आलं. चौदा क्विंटल. ट्रॉलीत चढवायची मजुरी आमच्या गावात कट्ट्यामागे ठरते. म्हणून आदल्या रात्री कट्टे मी स्वतः भरले, आपटून, दाबून. पन्नासच्या भरतीने अठ्ठावीस झाले असते. मी सत्तरच्या भरतीने वीसच केले. आठ कट्ट्यांची मजुरी वाचली. हा हिशेब वहीत कुठे लिहिला नाही, पण मनात केला होता, आणि करताना बरं वाटलं होतं.

सकाळी दोघं आले. त्यातले काका तेव्हा हंगामात हिंगणघाटच्या बाजारात हमाली करायचे. वय पंचावन्नच्या पुढचं. पहिल्या कट्ट्याला हात लावूनच म्हणाले, "सर, भरती जास्त झाली वाटते."

मी म्हणालो, "तुम्हाला काय काका, सवय आहे."

आभाळ भरून आलं होतं. सोयाबीन भिजलं की ओलावा वाढतो, भाव पडतो. माझं सगळं लक्ष तिकडे. जोडीदाराला मीच ताडपत्री आणायला पाठवलं आणि काकांना म्हटलं, तोवर एखादा तरी चढवा. एरवी दोघं धरून वर देतात. त्यांनी एकट्याने उचलला आणि ट्रॉलीकडे वळताना कमरेत चमक निघाली. ते जागीच बसले. कट्टा माझ्या पायाशी पडला. माझी पहिली नजर कुठे गेली असेल? कट्टा फुटला का, तिकडे. काकांकडे दुसरी.

पाचशे रुपये दिले, मलम दिलं, विषय मिटला असं स्वतःला सांगितलं. मिटला होता का?

पुढच्याच महिन्यात घरातला भरलेला गॅस सिलिंडर सरकवताना माझ्या कमरेत उसण भरली. गॅस आणि टाकी मिळून तीसेक किलो, तोही उचलला नव्हता, नुसता ओढला होता. मला तीन दिवस रजा मिळाली, पट्टा मिळाला, गरम पाण्याची पिशवी मिळाली. घरात कोणी मला म्हणालं नाही की तुम्हाला सवय आहे. आडवा पडल्यापडल्या पहिल्यांदा मनात आलं, त्या दिवसानंतर काका किती दिवस पडून होते? मी विचारलंच नव्हतं.

डॉक्टरांनी जे समजावलं ते अवघड नव्हतं. कमरेतून वाकून, ओझं अंगापासून लांब धरून उचललं, की पाठीच्या खालच्या मणक्यांवर ओझ्याच्या कितीतरी पट ताण येतो. त्यात उचलताना वळलं, तर मणक्यांमधल्या गादीवर तो ताण तिरका बसतो. म्हणून गुडघ्यात वाकायचं, ओझं छातीशी घ्यायचं, वळायचं तर पाय वळवायचे, आणि जड असेल तर दुसरा माणूस येईपर्यंत थांबायचं. यातलं बरंचसं हमालांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. जोडीने उचलायची त्यांची रीत त्यातूनच आली असणार. ती रीत त्या सकाळी मोडली कोणी? मी. आणि सवयीने स्नायू बळकट होत असतील, पण गादी? ती सवयीने जाड होत नाही, झिजते.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते वेगळंच. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो. कोणालाही इजा होईल इतकं जड ओझं उचलायला लावू नये, हे 1948 च्या कारखाना कायद्याच्या चौतिसाव्या कलमात सांगितलं होतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1967 मध्ये पुरुषाने वाहायच्या ओझ्यासाठी 55 किलोची मर्यादा सुचवली. माथाडी आणि हमालांसाठी महाराष्ट्राने 1969 मध्ये वेगळा कायदा केला. पोतं पन्नास किलोचं असावं यासाठी बाबा आढावांची हमाल पंचायत झगडली. हे मला माहीत होतं, मग हात का थांबला नाही? माझं अंगण कारखाना नाही, म्हणून? युरियाची पिशवी 2018 मध्ये पन्नासवरून पंचेचाळीस किलोची झाली. तीही खताचा वापर घटावा म्हणून, उचलणाऱ्याच्या पाठीसाठी नव्हे. पण त्याबद्दल सरकारला बोल लावायचा अधिकार मला उरला आहे का?

दर वर्षी मुलांना घेऊन मी सेवाग्रामला जातो. बापूंच्या एकादश व्रतांमध्ये शरीरश्रमही आहे, हे बापूकुटीसमोर उभं राहून सांगतो. श्रमाला मान द्या म्हणतो. तो मान माझ्या अंगणात किती किलोचा होता?

मजुरीची रीतच कट्ट्यामागे असेल तर माणूस दाबून भरणारच, असं मी मनाची समजूत काढायला म्हणून पाहिलं. त्यात तथ्य आहे. मजुरी क्विंटलवर ठरली तर दाबून भरण्यात कोणाचा फायदा उरणार नाही, आणि गावात मी तसं आता बोलून दाखवतो. पण त्या रात्री कट्टा आपटणारे हात रीतीचे नव्हते. दोन्ही खरं असू शकतं, असं आता वाटतं. रीत बदलायला वेळ लागेल, माझा हात मात्र त्याच रात्री थांबू शकला असता.

यंदा काटा मांडून भरले. पन्नासच्या भरतीने एकतीस कट्टे झाले. चढवायला दुसरे दोघं होते. काका आता वजन उचलत नाहीत. भिंतीला टेकून दाभण-सुतळीने कट्ट्यांची तोंडं शिवत बसले होते. मी चहा नेऊन दिला, कंबर कशी आहे विचारलं. "चालते," म्हणाले. मी त्यांची माफी अजून मागितलेली नाही.