आपद्धर्माची मर्यादा

२ ऑगस्ट या दिवसाचे महत्त्व आम्हां सिल्वासावासीयांना निराळे सांगावयास नको. १९५४ साली याच दिवशी नगर हवेली पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाली. तथापि ती भारतात विलीन झाली ती १९६१ च्या ऑगस्टमध्ये. म्हणजे मधली सात वर्षे येथील लोक स्वतःच्या घरी राहूनही कायद्याच्या दृष्टीने भारताबाहेरच होते. पुढे १९९० साली याच तारखेस इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरले आणि पोटासाठी तेथे गेलेले दीड लाखाहून अधिक भारतीय परक्यांच्या युद्धात सापडले.

आमच्या देवळात दर वर्षी २ ऑगस्टला एक वयोवृद्ध गृहस्थ अन्नदानासाठी तांदळाचे पोते आणून देतात. पावती आम्हीच फाडतो. हे दान मुक्तिदिनाप्रीत्यर्थ असावे, अशी आमची समजूत होती. गेल्या वर्षी त्यांनी आमच्या वडिलांपुढे बसून जी हकीगत सांगितली, ती त्यांच्या अनुमतीने, नाव वगळून, येथे देत आहोत.

ते त्या वेळी कुवेत शहरात नोकरीस होते. पगार थांबला, हातातल्या दिनारांना किंमत उरली नाही, रोटीसाठी रांगा लागू लागल्या. अशात ऑगस्टच्या उत्तरार्धात गणेशचतुर्थी आली. मूर्ती नव्हती, दूर्वा नव्हत्या. त्यांनी ताटलीत सुपारी मांडून तिचीच पूजा केली. रस्त्यावर सैनिक, म्हणून घंटा वाजविली नाही. आरती ओठांतल्या ओठांत म्हटली. नैवेद्याला शेजारच्या केरळी मुसलमान कुटुंबाने दिलेला खुबूस आणि चिमूटभर साखर.

“गुरुजी, असा नैवेद्य देवाला चालला असेल का?” त्यांनी विचारले.

“चालला,” वडील म्हणाले. “पण घरात दुसरे काहीच नव्हते का?”

गृहस्थ बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “खाटेखाली अर्धे पोते तांदूळ होते. ते जपून ठेवायचे होते. दोन दिवसांनी त्याच शेजाऱ्याने लेकरांसाठी तांदूळ मागितले. मी ‘संपले’ म्हणून सांगितले.” पुढे एके पहाटे अचानक बस मिळाली. इराकमार्गे जॉर्डन, तेथे वाळवंटातील छावणी, अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबई. पोते खाटेखालीच राहिले.

वडिलांनी त्यांना छांदोग्य उपनिषदातील उषस्ति चाक्रायणाची कथा सांगितली. कुरुदेशात पिके नष्ट झाली असता उपाशी उषस्तीने एका हत्तीवाल्याच्या उष्ट्या घुगऱ्या मागून खाल्ल्या. पण त्याने देऊ केलेले उष्टे पाणी नाकारले. घुगऱ्या न खात्या तर प्राण गेला असता, पाणी मात्र हवे तेथे मिळेल, असे त्याने कारण दिले. उरलेल्या घुगऱ्या त्याने पत्नीसाठी घरी नेल्या.

आमचे शिक्षण शालान्त परीक्षेपर्यंतचे. शास्त्रार्थ सांगण्याचा अधिकार आमचा नव्हे. तरी या कथेतून आम्हांस एवढे उमगते की, आपत्काळी आचारांत सूट मिळते ती प्राणरक्षणापुरती. सुपारीचा गणपती, मुकी आरती, खुबुसाचा नैवेद्य हे सारे त्या सुटीत बसते. शेजाऱ्याशी खोटे बोलणे तीत कसे बसेल?

यावर कोणी म्हणेल, युद्ध किती दिवस चालणार हे त्या बिचाऱ्यास काय ठाऊक? आक्षेप खरा आहे. भीती खोटी नव्हती आणि धान्य जपून ठेवणे हे पाप नव्हे. परंतु उद्याची खात्री उषस्तीला तरी कोठे होती? ‘थोडे आहेत, त्यांतले शेरभर घेऊन जा’ असे म्हणता आले असते. ज्याने आपल्या घासातला घास दिला, त्याच्यापुढेच दार लावले गेले. ही सल त्या गृहस्थांस इतकी वर्षे का टोचत राहिली, हे येथे कळते. ती टोचली, हेच त्यांच्या श्रद्धेचे लक्षण आम्ही मानतो.

आज आपल्यापैकी कितीतरी घरांतील मुले आखाती देशांत आहेत. तिकडे तोफा वाजल्या की येथे आपण देव पाण्यात घालतो, ते योग्यच. पण पूजा झाली का, एवढेच त्यांस विचारू नये. शेजारचे कसे आहेत, हेही विचारावे.

वडिलांनी प्रायश्चित्त सांगितले नाही. “पोते आणत जा,” एवढेच म्हणाले, “आणि पुढच्या वर्षी पंगतीत भात तुम्ही स्वतः वाढा.” यंदा त्यांनी वाढला. कोणी ‘पुरे’ म्हटले तरी ते आणखी एक मूद घालीत होते. परदेशी असलेल्या आपल्या सर्वांच्या हातून असे वाढणे घडो, हीच श्रीचरणी प्रार्थना.