उलट्या वाटेची खिडकी

भाईंदरहून चर्चगेटला जायचे तर आधी विरारला जावे, हे भूगोलात बसत नाही. पण ज्याला बाकावर बसायचे आहे त्याला दुसरी वाट नाही. मी रोज उलटा जातो आणि त्याच गाडीने परत फिरतो. पास विरारपासूनचा, कायद्याने मी निर्दोष. (विरारकर रागावतात, तेही रास्तच.)

सुख म्हणाल तर फराळाच्या ताटातल्या एका शंकरपाळ्याएवढे. पश्चिमेची खिडकी मिळते. नायगाव सुटले की पूल, मग पाणजू बेट, पुन्हा पूल. खाडीचा खारा वारा तोंडावर येतो. ओहोटी असली तर चिखलात बगळे दिसतात.

पण पूल संपला की माझेच स्टेशन येते, आणि फलाटावर आमच्याच इमारतीतले काका उभे असतात. काकू अंथरुणाला खिळलेल्या. त्यांचे सारे केल्याखेरीज काकांना घर सोडता येत नाही. मी झोप मोडून खिडकी मिळवली, हे खरे. मोल दिले त्याचा हक्क, हेही मला पटते. पण मोल द्यायला पाऊण तास गाठीशी असणे, हीसुद्धा एक श्रीमंतीच नव्हे का?

परवा काका कसेबसे आत शिरले. मी उठू लागलो.

"अरे, बस तू. अंधेरीला उठ हवं तर. तोवर वारा खा."

मी बसून राहिलो! अंधेरीला उठलो तेव्हा खाडी केव्हाच मागे पडली होती. काका बसले आणि खिडकीकडे न बघताच त्यांनी डोळे मिटून घेतले.